फ्यूज घर वाचवतो, माणसाला नाही

पावसाळा तोंडावर आला की आरोग्याच्या सदरात काय लिहून येणार, हे वाचकांना आता पाठ झाले आहे. पाणी उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका, डासांपासून जपा, साचलेले पाणी काढून टाका. हे सारे खरे आहे आणि दरवर्षी नव्याने सांगावे लागते, म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी ते सांगतोही. पण पावसाळ्यात धडधाकट माणसाला क्षणात नेणारे आणखी एक कारण आहे. त्यात ना ताप येतो, ना उलटी होते, ना दवाखान्यापर्यंत पोचायला सवड मिळते. त्याविषयी आरोग्याच्या पानावर सहसा अक्षरही नसते. विजेचा शॉक ही आपल्याकडे आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असते. कपडे वाळत घालताना महिलेचा मृत्यू. मोटार सुरू करायला गेलेला तरुण शेतकरी ठार. आपण वाचतो, हळहळतो, ‘त्याची वेळच भरली होती’ म्हणतो आणि पान उलटतो.

या ‘वेळ भरली होती’ला माझी हरकत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे वार्षिक अहवाल पाहिले तर विजेच्या धक्क्याने मृत्यू पावलेल्यांचा देशातील आकडा दहा हजारांच्या वर असतो. एखाद्या तापाने वर्षाला एवढी माणसे गेली असती, तर गावोगाव फवारणी झाली असती, लसीची मागणी झाली असती, विधानसभेत प्रश्न विचारले गेले असते. शॉकच्या बाबतीत मात्र आपण सगळा हिशेब दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. माझ्या मते हा हिशेब शाळेत शिकलेल्या एका साध्या भागाकाराचा आहे. तो ज्याने नीट समजून घेतला आणि त्याप्रमाणे घरात एक-दोन गोष्टी करून घेतल्या, त्याच्या घरातला हा धोका फारच कमी होतो. हे काम वायरमनचे जितके आहे, तितकेच डॉक्टरचेही आहे, म्हणून आज या सदरात हा विषय.

शाळेतला भागाकार

जर्मनीत गेऑर्ग ओहम नावाचे एक शिक्षक होऊन गेले. त्यांनी १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. वाटेतून जाणारा करंट किती, तर विजेचा दाब भागिले त्या वाटेचा विरोध. दाब व्होल्टमध्ये मोजायचा, विरोध ओहममध्ये आणि करंट अँपिअरमध्ये. शाळेच्या पुस्तकात विरोधाला ‘रोध’ म्हणतात. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. नळ जितका अरुंद, तितकी धार बारीक. दाब तोच ठेवून नळ मोठा केला की धार वाढते. विजेचेही तसेच आहे.

रोधाची उलटी बाजू म्हणजे वाहकता. ज्याचा रोध कमी त्याची वाहकता जास्त. वाहकतेच्या एककाला पूर्वी गमतीने ‘म्हो’ म्हणत, कारण ओहम हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला की म्हो होतो. आता वेर्नर फॉन सीमेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून त्याला ‘सीमेन्स’ म्हणतात. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वाहकता भरपूर, म्हणून त्यांच्या तारा करतात. रबर, प्लॅस्टिक, चिनी माती, कोरडे लाकूड यांची वाहकता नगण्य, म्हणून त्यांची मूठ किंवा आवरण करतात. माणसाचे शरीर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसते. नेमके कुठे, हे मात्र दिवसातून दहा वेळा बदलते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट असतो. तो आपल्याला बदलता येत नाही. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा ठरलेला आहे. आपल्या हातात असतो तो खालचा आकडा, म्हणजे रोध. शॉकपासून बचावाचे बहुतेक उपाय या खालच्या आकड्याशी निगडित आहेत.

कातडी नावाचा बांध

माणसाच्या शरीराच्या आत सगळे खारट पाणी आहे म्हटले तरी चालेल. रक्त, स्नायू, नसा यांतून वीज सहज जाते. आतल्या भागाचा रोध काहीशे ओहमच भरतो. विजेला अडवते ती कातडी, आणि तीही पूर्ण नव्हे. तिचा अगदी वरचा मृत पेशींचा पातळ थर काय तो आपला बांध. हा थर कोरडा आणि राठ असेल तर रोध एक लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो. तोच हात घामाने किंवा पाण्याने ओला झाला की रोध हजार ओहमच्या आसपास येतो. म्हणजे शंभरपट कमी. ईसीजी काढताना छातीवर गार जेली का लावतात, असे पुष्कळ रुग्ण विचारतात. कारण हेच. हृदयातून येणारी विजेची सूक्ष्म लहर यंत्रापर्यंत पोचावी म्हणून आम्ही मुद्दाम कातडीचा रोध कमी करतो. पावसात भिजलेला माणूस अंगभर जेली लावल्यासारखाच असतो म्हणा ना.

आता भागाकार करू. २३० भागिले एक लाख, म्हणजे सुमारे २.३ मिलिअँपिअर. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. एवढ्याने झिणझिणी येईल, माणूस हात मागे घेईल. आता २३० भागिले एक हजार. उत्तर २३० मिलिअँपिअर. बटण तेच, माणूस तोच, फरक फक्त ओल्या हाताचा. पहिल्या वेळी तो हसतो, दुसऱ्या वेळी मरू शकतो.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की हात कोरडे असले की झाले. २३० व्होल्टचा दाब कातडीचा बांध फार वेळ टिकू देत नाही. पकड घट्ट असेल, संपर्क थोडा लांबला तर कोरडी कातडीही हार खाते. राबणाऱ्या हातांचे घट्टे थोडे तरी आडवे येतात, पण रांगत्या बाळाच्या कोवळ्या तळव्याला तेवढाही आधार नसतो. म्हणून खरा भरवसा कातडीवर नको. पायाखाली कोरडी रबरी चप्पल किंवा लाकडी पाट असणे, हातातल्या हत्याराला अखंड प्लॅस्टिकची मूठ असणे, यांनी वाटेतला रोध वाढतो. वायरमनच्या खिशातला टेस्टर घ्या. टेस्टर लावताना करंट खरोखर त्याच्या बोटातून आणि अंगातून जमिनीत जात असतो. तरी त्याला काही जाणवत नाही, कारण टेस्टरच्या पोटात सुमारे दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. भागाकार करून पाहा, करंट पाव मिलिअँपिअरही होत नाही.

किती करंटने काय होते

साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या कळतात. १० ते १६ मिलिअँपिअरच्या दरम्यान हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ आपोआप आवळली जाते. ‘विजेने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो ते याला. वीज धरत नाही, आपलेच स्नायू सुटू देत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर जपून प्रयोग करून हे आकडे काढले. पुरुषांना सरासरी १६, तर स्त्रियांना सरासरी साडेदहा मिलिअँपिअरपर्यंत हात सोडवता आला. २० ते ३० मिलिअँपिअर छातीतून गेले तर श्वासाचे स्नायू आखडतात. ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयाच्या वाटेने सेकंदभर गेले, तर हृदयाचे ठोके मोडून ते नुसते थरथरू लागते. थरथरणारे हृदय रक्त ढकलत नाही. मेंदूला रक्त पोचेनासे होते आणि चार-पाच मिनिटांत भरून न येणारे नुकसान सुरू होते.

वीज शरीरातून कोणत्या वाटेने गेली, यालाही महत्त्व आहे. एका हातातून दुसऱ्या हातात किंवा हातातून पायात गेलेला करंट छातीतून जातो. म्हणून जुने जाणते वायरमन शक्य तेव्हा एकच हात वापरतात.

फ्यूजच्या लेखी माणूस म्हणजे एक दिवा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘आमच्याकडे फ्यूज आहे’, ‘आम्ही नवीन एमसीबी बसवलेत’, हे मला नेहमी ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते की यामुळे माणूस वाचेल. पण फ्यूज आणि एमसीबी ही तारा तापून आग लागू नये यासाठीची साधने आहेत. ती ५, १० किंवा १६ अँपिअरची असतात. ओल्या माणसातून जाणारा करंट आपण वर काढला, २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरही नाही. साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण एवढाच करंट घेतो. बल्ब लावला म्हणून कधी फ्यूज उडतो का? नाही. तसाच माणूस चिकटला तरी तो उडत नाही. फ्यूजच्या लेखी माणूस म्हणजे घरात लागलेला आणखी एक दिवा. त्यातून कोणी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली असेल, तर मग तो फ्यूज घरालाही वाचवणार नाही.

अर्थिंग हवे, पण तेवढ्याने भागत नाही

गिझर, फ्रीज, कूलर, मिक्सर, धुण्याचे मशीन यांच्या पत्र्याला आतली तार चुकून टेकली, तर पत्रा जिवंत होतो. अशा वेळी विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी म्हणून अर्थिंग. तीन पिनांतली वरची जाड पिन त्यासाठी असते. माझ्याकडे एक मावशी हाताला मुंग्या येतात म्हणून आल्या होत्या. मधुमेह नाही, मानेचे दुखणे नाही. ‘मुंग्या कधी येतात?’ असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, धुण्याच्या मशीनला हात लावला की.’ मी गोळी लिहून दिली नाही, वायरमनला बोलवा म्हणून सांगितले. त्याने पाहिले तर बोर्डात दोनच भोके होती, म्हणून कोणीतरी प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली. मावशींच्या पायात चप्पल होती म्हणून नुसत्या मुंग्यांवर निभावले. वाचकहो, यंत्राला हात लावल्यावर येणारी मुंगी ही घराच्या वायरिंगच्या दुखण्याची पहिली खूण आहे. तिच्याकडे काणाडोळा करू नका.

अर्थिंगचाही पुन्हा भागाकारच आहे. जमिनीतून परत जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध २ ओहम असेल, तर ११५ अँपिअर वाहतील आणि एमसीबी ताबडतोब पडेल. पण तो रोध १०० ओहम असेल तर? २३० भागिले १००, फक्त २.३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गिझरचा पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर तसाच वाट पाहत राहील. आपल्या दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात ही जमीन कोरडी ठाक पडते. कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षे कोणी पाण्याची बादली ओतत नाही, जोडाच्या तारेला गंज चढतो. कित्येक घरांत तर अर्थिंगची हिरवी तार बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जात नाही. म्हणून अर्थिंग हवेच, ते मोजून घ्यायलाही हवे, पण जीव त्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकता येत नाही.

तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी

मग माणसाला वाचवणार कोण? त्यासाठी वेगळे साधन आहे. वायरमन त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात, आज बाजारात मिळते ते आरसीसीबी. त्याचे काम एखाद्या चोख मुनीमासारखे आहे. फेजच्या तारेतून घरात किती करंट गेला आणि न्यूट्रलच्या तारेतून किती परत आला, याचा ताळेबंद ते क्षणोक्षणी पाहत असते. गेला तेवढाच परत आला तर ठीक. थोडा जरी कमी आला, तर तो कुठेतरी गळतो आहे. कदाचित ओल्या भिंतीतून, कदाचित एखाद्याच्या अंगातून. गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचेतो ते वीज तोडते. ओल्या माणसातून दीड-दोनशे मिलिअँपिअर गळू लागले, तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत तोडते. हृदयाचा एक ठोका पुरा व्हायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. झटका बसतो, माणूस घाबरतो, पण बहुधा जगतो. अर्थिंगचा रोध १०० ओहम असला तरी हे साधन काम करते, कारण त्याला ११५ अँपिअरची गरज नाही, तीस हजारांश अँपिअर पुरतात.

हे साधन काही कालपरवाचे नाही. वर सांगितलेल्या डॅलझील यांनीच १९६१ साली याच तत्त्वावरचे, आणखी नाजूक म्हणजे ५ मिलिअँपिअरला वीज तोडणारे साधन तयार केले. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ साली नव्या घरांच्या न्हाणीघरांतील प्लगना असे संरक्षण आवश्यक ठरवले. आपल्याकडे २०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमांत अर्थ-गळती तोडणाऱ्या साधनाची सक्ती होती, पण ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या घरगुती जोडणीला सूट होती. म्हणजे बंगल्याला संरक्षण आणि पत्र्याच्या दोन खोल्यांना सूट. २०२३ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. नियम कोणताही असो, वीज मंजूर भार पाहून शॉक देत नाही. उलट जिथे भिंत ओलसर, छप्पर पत्र्याचे, वायरिंग जुने, तिथेच तिचे जास्त फावते. तेव्हा सक्तीची वाट न पाहता आपण होऊन हे साधन बसवावे, असे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो.

यावर तीन हरकती हमखास येतात. पहिली खर्चाची. हे साधन एखाद्या साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त पडते आणि अनेक वर्षे टिकते. दुसरी, ‘बसवले होते, पण पावसात सारखे पडायचे, म्हणून वायरमनने बाजूला काढून थेट जोडून दिले.’ ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातला हा प्रकार आहे. ते पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. एकेक यंत्र काढून पाहावे, ओल शिरलेली वायर बदलावी. तिसरी हरकत, ‘इतकी वर्षे काही झाले नाही.’ हेल्मेट न घालणाऱ्या प्रत्येकाचे हेच म्हणणे असते, अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत.

या साधनाच्याही मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरून कोणी कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहिला, तर करंट त्याच्यातून जाऊन हिशेबाप्रमाणे परत येतो. गळती होतच नाही, त्यामुळे साधनाला माणूस दिसत नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेला किंवा रस्त्यावरच्या तुटलेल्या तारेला तुमच्या घरातले साधन काही करू शकत नाही. इन्व्हर्टरच्या वेगळ्या वायरिंगला त्याचे संरक्षण पोचते का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. साधनावर ‘टेस्ट’चे लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. साधन पडले तर ठीक, नाही पडले तर ते बदलायचे.

काही पथ्ये

कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याच्या घरात एका ठिकाणी वायर सोलली गेली की पत्रा, खांब आणि त्याला बांधलेली तार सगळेच जिवंत होते. एकीला शॉक बसतो, दुसरा सोडवायला धावतो, आणि एका घरातून दोन-तीन तिरड्या निघतात.

पाणी तापवायचा हीटर रॉड बादलीत असताना पाणी किती तापले हे बोटाने पाहू नका. आधी बटण बंद करा, पिन काढा, मग हात घाला. कूलरमध्ये पाणी भरतानाही तसेच. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर घरोघरी असतो. त्याचे पत्र्याचे अंग, पाणी आणि ओली फरशी हे तिन्ही एकत्र आले की रोध तळाला जातो.

शेतात मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडी ठेवू नका, पेटीला आणि मोटारीला अर्थिंग करून घ्या. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी बटण दाबू नका. पेटीसमोर कोरडी लाकडी फळी ठेवा. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणे हा गुन्हा आहे. त्यात डुकरापेक्षा शेजाऱ्याचा, आणि कधी स्वतःच्याच मुलाचा जीव जातो.

तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, दहा मीटर तरी लांब राहा आणि १९१२ वर कळवा. तारेभोवतीच्या जमिनीतच दाब पसरलेला असतो. दोन पायांत अंतर जितके जास्त, तितका दोन पायांमधला दाब जास्त. म्हणून त्या टापूत सापडलात तर लांब टांगा टाकून पळू नका. दोन्ही पाय चिकटवून, जमिनीवरून घासत सरका. गाई-म्हशींच्या पुढच्या आणि मागच्या पायांत जास्त अंतर असते आणि मधल्या वाटेत हृदय असते, म्हणून अशा वेळी गुरे आधी दगावतात.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरडी काठी, प्लॅस्टिकची खुर्ची अशा वस्तूने त्याला तारेपासून वेगळे करा. ओला बांबू चालणार नाही. हे फक्त घरच्या लाइनला लागू आहे. उच्च दाबाच्या लाइनजवळ वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय फिरकूच नका.

माणूस मोकळा झाला की हाक मारा, श्वास पाहा. श्वास नसेल किंवा आचके दिल्यासारखा असेल तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी. उताणे निजवा. छातीच्या मधोमध हाडावर एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपरे सरळ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका, दमलात तर माणूस बदला. शॉकने थांबलेले हृदय पुष्कळदा तरुण आणि निरोगी असते. ते पुन्हा सुरू होण्याची आशा इतर अनेक कारणांपेक्षा जास्त असते, म्हणून पहिली मिनिटे लाखमोलाची.

अशा माणसाला मातीत किंवा वाळूत पुरले की वीज उतरते, असा समज अजून आहे. वीज शरीरात साठून राहत नाही, उतरवायला काही उरलेलेच नसते. पुरण्यात जी मिनिटे जातात, ती छाती दाबण्याची असतात. तळपाय चोळणे, तोंडात पाणी घालणे हेही करू नका. माणूस शुद्धीवर असला आणि वरून बारीकसा भाजल्याचा डागच दिसला, तरी दवाखान्यात न्या. आत स्नायू भाजलेले असू शकतात. ईसीजी काढून घ्यावा. लघवी काळपट लाल होऊ लागली तर ती मूत्रपिंडांच्या धोक्याची खूण आहे. गरोदर बाईला शॉक बसला तर तिला बरे वाटत असले तरी तपासणी टाळू नये.

मला काय वाटते

पिण्याच्या पाण्याची तपासणी ही आरोग्याची बाब आहे, हे आपण पूर्वीच मान्य केले आहे. मग घराच्या अर्थिंगची तपासणी आरोग्याची बाब का नाही? ग्रामपंचायतीने पाणी तपासण्याच्या महिन्यातच शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठ्याची मोटार आणि समाजमंदिर यांचे अर्थिंग मोजून घ्यावे आणि तिथे आरसीसीबी बसवावा. गणेश मंडळांनी मांडवाच्या रोषणाईचा खर्च ठरवताना हा पहिला आकडा धरावा. नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराची टेस्ट रिपोर्टवर सही लागते. ती सही घरी न येता होत असेल, तर घरमालकाने हट्ट धरून त्याला घरी आणावे आणि आपल्यासमोर मोजमाप करायला लावावे. शाळेत ओहमचा नियम शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याच तासाला ओल्या आणि कोरड्या हाताचा भागाकार मुलांकडून करून घ्यावा. ते गणित मूल जन्मभर विसरणार नाही आणि घरी जाऊन आईला सांगेल. आम्हा डॉक्टरांनीही मुंग्यांची तक्रार ऐकताना एक प्रश्न वाढवावा.

शॉकवर लस निघणार नाही. पण जी गोष्ट लसीचे काम करू शकते, ती तालुक्याच्या कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. येत्या रविवारी घरातला बोर्ड एकदा उघड्या डोळ्यांनी पाहा. ‘टेस्ट’ लिहिलेले लहानसे बटण दिसले तर दाबा. दिसले नाही, तर सोमवारी परवानाधारक वायरमनला बोलावणे धाडा.